पोत्यावर प्रथिने किती ते छापले, कशाची ते का नाही?

आम्ही कापडाचे व्यापारी. सूत, तागा, रंग आणि उधारी यापलीकडे आमची अक्कल फारशी चालत नाही, हे या पानाचे जुने वाचक जाणतात. तरीही आज पशुखाद्यावर लिहायला बसलो आहोत. गेल्या हंगामात या विषयाने आमच्या घरातला पैसा खाल्ला आणि त्या निमित्ताने जे शिकायला मिळाले ते तबेला, शेळीपालन व पोल्ट्रीच्या धंद्यात असलेल्या आपल्या अनेक बांधवांच्या कामाचे आहे. मालेगाव, भिवंडीकडे लूम मंदावले की माणूस दुसरा धंदा शोधतो. कोणी चार म्हशी बांधतो, कोणी बकरी ईदच्या हिशेबाने बोकड पाळतो, कोणी कोंबड्यांची शेड घालतो. भांडवल यंत्रमागातून निघालेले असते, पण जनावराचा तजुर्बा नसतो. मग पोतेवाला जे सांगेल ते खरे मानावे लागते.

आमच्या भाच्याने असाच तबेला टाकला. भांडवलात थोडा हिस्सा आमचाही. मुऱ्हा जातीच्या म्हशी, आणि पावसाळा सरता सरता अकरा पारडी जन्माला आली. म्हशीचे दूध आज ज्या भावाने जाते त्या भावात पारडाला पोटभर दूध पाजणे मालकाच्या जिवावर येते, हे तबेलेवाल्यांना सांगायला नको. मोठ्या शहरांच्या तबेल्यांत पारडू जगले काय नि मेले काय, याची फिकीर न करणारेही लोक आहेत. आमच्या भाच्याला ते पटत नव्हते. त्याला पारड्या वाढवून पुढची दुभती जनावरे घरचीच करायची होती. म्हणून त्याने वासरांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणली. कोमट पाण्यात कालवून पाजायची, दुधाऐवजी.

हिशेब आम्हीच मांडून दिला होता, म्हणून दोषातला अर्धा हिस्सा आमचाही. एका पारडाला दिवसाला तीन लिटर, दोन महिने, म्हणजे १८० लिटर दूध. एक किलो भुकटीचे साधारण आठ लिटर होते. म्हणजे पारडामागे साडेबावीस किलो भुकटी. बाजारात दोन माल होते. एक २४० रुपये किलो, दुसरा १६०. दोन्ही पोत्यांवर प्रथिनांचा आकडा एकच, २२ टक्के. आम्ही म्हणालो, "बेटा, काउंट एकच आहे तर महागाचा माल कशाला घ्यायचा?" पारडामागे १,८०० रुपये वाचले, अकरा पारडांमागे १९,८००. संध्याकाळी आम्ही खुशीत चहा प्यालो.

पहिले काही दिवस सर्व ठीक चालले. दुसऱ्या आठवड्यात पारडांचे पोट बिघडू लागले. पातळ हगवण, अंगावरचे केस उभे, डोळे आत गेलेले. भाच्याने आधी थंडीला दोष दिला, मग जंताचे औषध पाजले, मग मेडिकलमधून जनावरांची अँटिबायोटिकची बाटली आणली. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. महिन्याभरात चार पारडी गेली. त्यांत दोन पारड्या होत्या. मुऱ्हाची पारडी वाढून पहिल्या वेताला आली की लाखाच्या घरात किंमत जाते. १९,८०० वाचवायला गेलो आणि हा सौदा पदरात पडला.

तालुक्याहून आलेल्या पशुवैद्य डॉक्टरांनी शेण पाहिले, पारडांना हात लावला, आणि मग म्हणाले, "पोते दाखवा." त्यांनी पोते उलटेसुलटे करून वाचले आणि विचारले, "यातली प्रथिने कशाची?" भाचा म्हणाला, "दुधाची असतील ना, दुधाची भुकटी आहे." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विक्रेत्याला फोन लावायला सांगितले. तिकडून उत्तर आले की साहेब, प्रोटीन ते प्रोटीन, त्यात सोयाही असतो, सगळेच टाकतात. उरलेली सात पारडी त्याच दिवशी भुकटी सोडून म्हशीच्या दुधावर घेतली. आठ-दहा दिवसांत हगवण थांबली. हगवणीला चीक उशिरा पाजणे, घाण, जंत अशी कारणेही असतात, म्हणून सगळा दोष आम्ही भुकटीवर टाकत नाही. पण त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही. डॉक्टरांकडून कागद घेतले, ओळखीच्या प्राध्यापकांकडून समजून घेतले. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाची जीभ काही शब्दांवर अडखळली, पण मुद्दा कापडाच्या भाषेत बसला तेव्हा चटकन उमगला.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. तेल काढून जी पेंड उरते, जिला बाजार डीओसी म्हणतो, तिच्यात ४६ ते ४८ टक्के प्रथिने. एवढ्या स्वस्तात एवढी प्रथिने देणारा दुसरा माल नाही, म्हणून जगातली कोंबडी सोयावर उभी आहे. पण या प्रथिनांचा मोठा भाग, दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक, दोनच जातींचा असतो. एक ग्लायसिनिन, दुसरे बीटा-कॉनग्लायसिनिन. दाण्याने आपल्या कोंबासाठी ठेवलेली ही शिदोरी. यांची वीण घट्ट. मोठ्या जनावराच्या पोटातले पाचक रस ही वीण उसवू शकतात, पण कोवळ्या पिलाच्या पोटात ती पुरती उसवत नाही. मोठाले तुकडे तसेच आतड्यापर्यंत पोहोचतात. कोवळ्या आतड्याची भिंत अजून पक्की झालेली नसते, त्यातून काही तुकडे आत शिरतात, आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते. यालाच अ‍ॅलर्जी म्हणायचे.

पुढे काय होते ते टॉवेलवरून समजून घ्यावे. टर्किश टॉवेल पाणी का शोषतो? त्याच्यावर हजारो उभे फासे असतात म्हणून. तेच फासे कातरून टाकले तर सूत तेच, वजन जवळपास तेच, पण पाणी पुसले जात नाही. जनावराच्या लहान आतड्याला आतून असेच बारीक उभे फासे असतात, डॉक्टर त्यांना विलाय म्हणतात. सगळे पोषण तेथून शोषले जाते. सोयाच्या या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, आतड्यातल्या विशिष्ट पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात, सूज येते, आणि हे फासे झिजून आखूड होतात. टॉवेलचा धोतरजोडा होतो म्हणा. खाल्लेले शोषले जात नाही, पाणी आतड्यात साठते, हगवण लागते.

वाढ खुंटण्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. प्रतिपिंडे हीसुद्धा प्रथिनेच आहेत. ज्या मालातून हाड-मांस व्हायचे तो माल या लढाईत खर्च होतो. कारखान्यात संप झाला की भांडवल उत्पादनाऐवजी पहारेकऱ्यांवर जाते, तसे. शिवाय सुजलेल्या भिंतीतून ई-कोलायसारखे जंतू आत शिरायला वाव मिळतो. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती नको त्या शत्रूशी झुंजत असते आणि खरा शत्रू मागच्या दाराने येतो. आमच्या भाच्याच्या बाटलीतल्या औषधाने दोन दिवस बरे वाटायचे त्याचे कारण डॉक्टरांच्या मते हेच. जंतू दबायचे, मूळ तक्रार पोत्यातून रोज नव्याने यायची.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. वासराच्या बाबतीत ही तक्रार पहिल्या दिवशी दिसतच नाही. आधी शरीर त्या प्रथिनाची ओळख करून घेते, प्रतिपिंडे तयार करते आणि मग पुढच्या पाजण्यांना भडकते. म्हणून मालक म्हणतो, "भुकटी तर दोन आठवडे चालू आहे, तिने काय होणार?" आम्हीही हेच म्हणत होतो.

हे कोणी काल शोधलेले नाही. इंग्लंडमध्ये किलशॉ आणि सिसन्स या संशोधकांनी दूध पिणाऱ्या वासरांवरचे प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध केले. उष्णता दिलेले सोयापीठ पाजलेल्या वासरांच्या पोटात तक्रारी झाल्या, रक्तात सोयाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. तेच सोया गरम पाणीमिश्रित अल्कोहोलने धुऊन दिले तेव्हा तक्रार फार कमी. पुढे १९९० साली अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातून लवकर दूध तोडलेल्या डुकराच्या पिलांवरचा अभ्यास निघाला. दुधाच्या प्रथिनांवरील पिलांच्या मानाने सोयापेंडीवरील पिलांचे आतड्यातले फासे आखूड आणि वाढ कमी होती. या विषयावरचे पुष्कळ संशोधन याच प्राण्यावर झालेले आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला ते वाचणे नकोसे वाटत असेल तर आम्ही समजू शकतो, पण इल्म जेथून मिळेल तेथून घ्यावे, पारडे आपलीच वाचतात. फरक इतकाच की त्या पिलांत ही तक्रार तात्पुरती असते, काही दिवसांत शरीर सोयाला सरावते. पण ते काही दिवसच वाढीचे दिवस असतात, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत. नॉर्वेत माशांची शेती करणाऱ्यांनाही १९९० च्या दशकात सॅल्मनला सोयापेंड चारून आतड्याच्या सुजेचा अनुभव आला. तेथे दोष मुख्यत्वे सोयातल्याच सॅपोनिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याकडे जातो, पण आज तेथील कारखाने साध्या पेंडीऐवजी धुतलेले सोया वापरतात ते याच अनुभवामुळे.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की सोया विष आहे. दुभत्या म्हशीला सोयापेंड जरूर घाला. तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले सूक्ष्मजीव पेंडीतली बहुतेक प्रथिने फोडून त्यांची नवी प्रथिने बनवतात, तेथे ग्लायसिनिनची डाळ शिजत नाही. अडचण आहे ती दूधपित्या पारडाची. त्याचे ते पोट अजून तयार झालेले नसते, आणि पाजलेले दूध अन्ननलिकेजवळच्या पन्हाळीतून थेट शेवटच्या खऱ्या पोटात उतरते. दोन-तीन महिन्यांचे होऊन ते चारा-आंबोण नीट खाऊ लागले की प्रश्न बराचसा मिटतो. करडांचेही तसेच. जे बोकड मोठ्या वजनाचे करायचे असतात त्यांच्या पहिल्या दोन महिन्यांत आईच्या दुधावर हात आखडू नये, एवढे आमच्या शेळीवाल्या मित्रांना सांगणे आहे. कोंबडीच्या पिलाला हा त्रास त्या मानाने कमी, तिथे प्रश्न वेगळा असतो, पेंड नीट भाजली आहे की नाही याचा.

भाजण्याविषयी बाजारात मोठा गैरसमज आहे. कच्च्या सोयात ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसाला अडवणारी द्रव्ये असतात. ती उष्णतेने मोडतात, म्हणून कारखान्यात पेंड भाजतात, आणि युरिएजची चाचणी घेऊन ती पुरेशी भाजली की नाही ते ठरवतात. चाचणी उतरली की विक्रेता म्हणतो माल शुद्ध. पण ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन हे उष्णतेला त्या मानाने चिवट आहेत. ते मोडावेत म्हणून आणखी भाजत गेले तर लायसिन नावाचे मोलाचे घटक जळतात, पेंड काळपट होते आणि प्रथिनांचा आकडा कागदावरच राहतो. रंग पक्का करायच्या नादात सूत कमजोर करून ठेवणारे रंगारी आम्ही पाहिले आहेत. तोच प्रकार.

मग उपाय काय? एक, अल्कोहोलने धुणे, जे महाग पडते. दुसरा, आंबवणे. विशिष्ट बुरशी किंवा बॅसिलस जातीचे जंतू लावून पेंड आंबवली की ते जंतू ही घट्ट प्रथिने तोडून ठेवतात, पिलाच्या पोटाचे अर्धे काम बाहेरच होते. यात परदेशी चमत्कार काही नाही. आपल्याच देशात नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाइजार, सिक्कीमचे किनेमा हे आंबवलेले सोयाबीनच आहेत. तिथल्या बाया पिढ्यान् पिढ्या हे करत आल्या.

येथे व्यापाराचा मुद्दा येतो. लातूर, अकोल्याचा शेतकरी सोयाबीन पिकवतो. २०२१ च्या उन्हाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांपुढे गेला तेव्हा कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना शेतकऱ्याला बाजारात त्याहून कमी भावाने माल द्यावा लागला. दोन्ही वेळी चर्चा फक्त भावाची. पेंडीवर पुढची प्रक्रिया करून कोवळ्या जनावराला पचेल असा माल आपल्याकडे किती बनवावा, तो वासरांच्या भुकटीत वापरावा, मासे आणि पिलांच्या खाद्यासाठी बाहेर विकावा, यावर चर्चा ऐकली नाही. आम्ही कापडवाले कोरे कापड विकून कधी श्रीमंत झालो नाही. नफा रंगाई-छपाईत गेला, आणि तो दुसऱ्या शहराने नेला. सोयाचेही असेच होणार असेल तर वाईट वाटेल.

पण आमचे खरे म्हणणे पोत्यावरच्या मजकुराविषयी आहे. १९८८ साली कापडावर छाप मारण्याचे नियम आले तेव्हा आम्ही नुकतेच वडिलांच्या दुकानात बसू लागलो होतो. कापडात पॉलिएस्टर किती आणि कॉटन किती हे टक्क्यांत छापायचे. बाजारात खूप कुरकुर झाली. कोणी म्हणाले धंदा बसेल, कोणी म्हणाले आमचे गुपित फुटेल. धंदा बसला नाही. उलट चांगल्या मालाला चांगला भाव मागायची सोय झाली. त्याआधी गिऱ्हाईक म्हणे, "वार एवढाच ना, मग स्वस्त द्या." आम्ही त्या भुकटीच्या पोत्याकडे पाहून नेमके हेच म्हणालो होतो.

माणसांच्या खाण्याबद्दल तर सरकारने हा प्रश्न सोडवलेला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा यांच्याबरोबर सोयाही अ‍ॅलर्जी करणारा पदार्थ म्हणून पाकिटावर सांगावा लागतो. दहा रुपयांच्या बिस्किट पुड्यावर बारीक अक्षरांत का होईना, सोया आहे असे छापलेले सापडते. आणि आम्ही पाहिलेल्या वासरांच्या भुकटीच्या २५ किलोच्या पोत्यांवर प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा यांचे आकडे होते, गुटगुटीत वासराचे चित्र होते, प्रथिने कशाची ते नव्हते. मोठा माणूस पुडा वाचून बाजूला ठेवू शकतो. पारडू काय करणार?

कारखानदारांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे, कारण आम्हीही त्या बाजूला बसतो. कच्च्या मालाचे भाव रोज हलतात, आज मट्ठ्याची भुकटी स्वस्त, उद्या सोया, दर वेळी पोते कसे बदलणार? बरोबर आहे. पूर्ण नुस्खा कोणी मागत नाही. दुधापासूनची प्रथिने निदान किती टक्के, वनस्पतीची असतील तर कशाची, आणि ती साधी भाजलेली आहेत की धुतलेली-आंबवलेली, एवढ्या तीन ओळींचा शिक्का मारायला छपाईचे साचे बदलावे लागत नाहीत. तारखेचा शिक्का मारताच ना?

यात औषधांचाही मुद्दा आहे. युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे २००६ पासून बंद केले. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिनवर जनावरांपुरती बंदी आली, कारण ते माणसाच्या शेवटच्या उपायाचे औषध आहे. ही दारे बंद होत असताना खाद्याने झालेली हगवण बाटलीने दाबायची सवय आता परवडणारी नाही. आमच्या भाच्याने महिन्याभरात औषधांवर जे उडवले ते मोजले तर २४० रुपयांची भुकटी कितीतरी स्वस्त पडली असती. त्याचा हिशेब त्याने आम्हाला दाखवला, आणि आम्ही चष्मा पुसत बसलो.

यंदा पुन्हा पारडी झाली आहेत, नऊ. भाच्याने जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजला, पहिला महिना म्हशीचेच दूध दिले. दुसऱ्या महिन्यासाठी भुकटी घ्यायची ठरली तेव्हा तो आमच्याकडे आला. "मामू, या वेळी तुम्ही हिशेब करू नका, चिठ्ठी लिहा." आम्ही दुकानाच्या लेटरहेडवर तीन विक्रेत्यांना तेच तीन प्रश्न लिहून पाठवले. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचा माणूस दुकानात येऊन म्हणाला की शेट, असे आजवर कोणी विचारले नाही. तिसऱ्याने आपल्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिले की प्रथिने दुधाची आणि मट्ठ्याची, सोया नाही. भाव २५५ रुपये. माल त्याचाच घेतला.